न्यायमूर्ती पाल यांचे भिन्नमत आणि न्यायाचे उसने हात

काही ग्रंथांच्या नशिबी असे येते की त्यांस मान मिळतो, पण वाचक मिळत नाही. सभासंमेलनांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांतील एखादा विचार तोंडोतोंडी फिरत राहतो, आणि ग्रंथ मात्र कपाटात धूळ खात पडतो. टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायासनापुढे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी १९४८ साली सादर केलेले भिन्नमतपत्र हा अशा ग्रंथांपैकी एक होय. बाराशेंहून अधिक पृष्ठांचे हे लिखाण १९५३ साली कलकत्त्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आपल्याकडे त्याविषयी सामान्यतः एवढेच ठाऊक असते की, अकरा न्यायाधीशांत एकटा भारतीय न्यायाधीश असा निघाला की ज्याने सर्व आरोपी निर्दोष ठरविले आणि जेत्यांस त्यांच्या तोंडावर त्यांचे पाप दाखविले. जपानातील राष्ट्राभिमानी पक्षास तर एवढेही पुरते. 'आमचे पुढारी निर्दोष होते' असे प्रमाणपत्र म्हणून तो पक्ष या ग्रंथाकडे बोट दाखवितो. यासुकुनी देवालयाच्या आवारात २००५ साली पालांचे स्मारकही उभे राहिले. या दोन्ही ठिकाणच्या भक्तांनी ग्रंथ समग्र वाचला असता तर त्यांची भक्ती अशीच राहिली असती काय, याची आम्हांस शंका आहे.

या जुन्या निकालपत्राची आजच आठवण का, असे कोणी विचारील. उत्तर उघड आहे. युद्धगुन्ह्यांच्या आरोपावरून राष्ट्रप्रमुखांच्या नावे अटकेची फर्माने सुटावी, आणि फर्मान ज्याच्या नावे आहे त्याने दुसऱ्या देशाच्या विमानतळावर राजरोस उतरून मानवंदना स्वीकारावी, असे देखावे गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगाने अनेकदा पाहिले. गुन्हा नोंदलेला आहे, साक्षी आहेत, न्यायालय आहे. नाही ते फक्त आरोपीच्या खांद्यावर पडणारा हात. राष्ट्राराष्ट्रांनी मिळून हा हात पुरवावा असे ठरले असता तो का पुरविला जात नाही? या प्रश्नाचे एक मार्मिक पण अर्धेच उत्तर पालांच्या ग्रंथात आहे. ते अर्धे का राहिले आणि उरलेले अर्धे कोणते, हे पाहणे हाच या परीक्षणाचा हेतू आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. टोकियोचे न्यायासन ३ मे १९४६ रोजी बसले. अकरा राष्ट्रांचे अकरा न्यायाधीश, अठ्ठावीस आरोपी आणि ५५ कलमांचे आरोपपत्र असा त्याचा पसारा होता. खटला अडीच वर्षे चालला. ४१९ साक्षीदार प्रत्यक्ष उभे राहिले. दोन आरोपी मध्येच वारले, एकाची बुद्धी भ्रमिष्ट ठरली. उरलेल्या पंचवीस जणांपैकी सातांस फाशी, सोळांस जन्मठेप आणि दोघांस मुदतीची कैद झाली. २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशीची शिक्षा अमलात आली. पाल हे मूळचे तेव्हाच्या नदिया जिल्ह्यातील, कुष्टियाकडचे. तो भाग आज बांगलादेशात आहे. आरंभी गणिताचे अध्यापक, पुढे कायद्याचे पंडित, कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू अशी त्यांची चढती कमान होती. ब्रिटिश अमदानीत त्यांची नेमणूक झाली, आणि निकाल देण्याच्या वेळी ते एका स्वतंत्र राष्ट्राचे नागरिक झाले होते. हा तपशील क्षुल्लक नव्हे. त्यांच्या निकालपत्राच्या पानापानांतून परतंत्र देशात हयात घालविलेल्या माणसाचा कडवटपणा जाणवतो. मात्र हे मत पालांचे व्यक्तिगत आहे, राष्ट्राचे नव्हे, अशी भूमिका नेहरूंच्या सरकारने तेव्हाच घेतली, हेही विसरता कामा नये.

आता ग्रंथाकडे वळू. त्याचे सात भाग आहेत. आक्रमक युद्ध करणे हा १९४५ पूर्वीच्या कायद्याप्रमाणे गुन्हा होता काय, हा पालांचा पहिला प्रश्न. आणि तो तसा नव्हता, हे त्यांचे उत्तर. १९२८ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी युद्धाचा त्याग केला खरा, परंतु स्वसंरक्षण कशास म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे अशी मोकळीक त्याच राष्ट्रांनी ठेवली होती. जेथे चोरी कशास म्हणावे हे चोरावरच सोपविलेले आहे, तेथे चोरीचा कायदा अस्तित्वात आहे असे म्हणता येत नाही. दुसरा मुद्दा असा की, लढाई जिंकल्याने जेत्याच्या अंगी कायदा करण्याची शक्ती येत नाही. कृत्य घडून गेल्यावर कायदा करावयाचा आणि त्या कायद्याने मागील कृत्याची शिक्षा द्यावयाची, याला पाल न्याय मानीत नाहीत. तिसरा मुद्दा, १९२८ पासून १९४५ पर्यंत सर्व जपानी पुढाऱ्यांनी मिळून जग जिंकण्याचा एकच कट रचला, ही फिर्यादी पक्षाची कथा पुराव्याने सिद्ध होत नाही. ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग याच कटाच्या चिकित्सेत खर्ची पडला आहे. आणि मग ते प्रसिद्ध प्रतिपादन येते: पॅसिफिकमधील युद्धात निरपराध्यांच्या सरसहा संहाराची आज्ञा देणाऱ्या जर्मन नेत्यांच्या जवळपास जाईल असे जर काही घडले असेल, तर तो अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय होय, आणि तो निर्णय घेणारे तर आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते.

या विवेचनाची लेखनशैली सुंदर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती लांबण लावणारी, अवतरणांनी बोजड झालेली, पुनरुक्तीस न भिणारी अशी आहे. गणिताच्या अध्यापकाची एक एक पायरी सोडवून दाखविण्याची सवय तीत पदोपदी दिसते. तथापि तीत एक दुर्मिळ गुण आहे. सारी सभा एका बाजूस असता एकट्याने दुसऱ्या बाजूस उभे राहण्यास जे धैर्य लागते ते तीत आहे, आणि त्या धैर्याचा डांगोरा नाही. बळी तो कान पिळी ही आपली म्हण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत मांडावयाची झाल्यास ती या ग्रंथाइतक्या साधार रीतीने दुसऱ्या कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पालांचा अपमान करावयाचा असेल तर त्यांस केवळ 'जपानचे मित्र' म्हणावे; त्यांचा मान राखावयाचा असेल तर त्यांचा मुद्दा मान्य करावा की, एकाच्याच गळ्यात पडणारा कायद्याचा फास हा कायद्याचा नसून दोरीच्या मालकाचा असतो.

परंतु सहावा भाग उघडावा. हा भाग प्रत्यक्ष युद्धगुन्ह्यांचा, म्हणजे कैद्यांचा छळ आणि नागरिकांची कत्तल यांचा. येथे पाल काय म्हणतात? नानकिंग येथील अत्याचारांच्या वर्णनांत काही अतिशयोक्ती असेल, असे म्हणूनही जपानी सैन्याने व्याप्त प्रदेशांतील नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, हे ते स्वच्छ शब्दांत नमूद करतात. कत्तल झाली, ती जपानी सैनिकांनी केली, आणि ती भयंकर होती, हे सर्व त्यांस मान्य आहे. त्यांचा नकार एवढ्यापुरता की, पिंजऱ्यातील या विशिष्ट माणसांनी तशी आज्ञा दिली अथवा जाणूनबुजून डोळेझाक केली हे सिद्ध झाले नाही. यासुकुनीच्या आवारात स्मारक उभारणाऱ्यांनी आणि आपल्याकडे त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा भाग मोठ्याने वाचून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

येथेच आमचा पालांशी पहिला मतभेद होतो. सेनापती मात्सुई यांचे सैन्य नानकिंगमध्ये अनेक आठवडे धुमाकूळ घालीत असता सेनापतींनी शिस्तीचे हुकूम काढले होते, तेवढ्याने त्यांची जबाबदारी संपली, असे पाल धरून चालतात. हुकूम निघाला, तो पाळला गेला नाही, आणि पाळला न गेल्याचे कळूनही कोणी हातपाय हलविले नाहीत, तर तो हुकूम नसून कागद आहे. कटाच्या आरोपाची चिरफाड करताना पालांनी जी तीक्ष्ण दृष्टी वापरली, ती या कागदाकडे पाहताना मंद झाली. शेकडो पृष्ठे मांचुरियाच्या राजकारणास आणि या भागास त्यामानाने थोडी, हे प्रमाणच बोलके आहे. हॉलंडचे न्यायाधीश रोलिंग हेही बहुमताशी सहमत नव्हते. परंतु त्यांनी सर्वांस एका रांगेत निर्दोष न ठरविता काही आरोपींस मोकळे करावे आणि काहींस शिक्षा कायम करावी असा निवाडा केला. माणसामाणसांत निवड करणे हेच न्यायाधीशाचे काम असेल, तर त्या एका बाबतीत रोलिंग हे पालांहून अधिक न्यायाधीश ठरतात.

दुसरा मतभेद अधिक खोल आहे. पालांनी टोकियोच्या न्यायासनास दोष दिला तो त्याने नको त्यांस धरले म्हणून. आज उपलब्ध असलेली माहिती पाहता त्या न्यायासनाचा मोठा दोष असा दिसतो की, धरावयास हवे होते त्यांस त्याने धरले नाही; आणि हे विस्मरणाने झाले नाही, सौद्याने झाले. सम्राटास आरोपी करावयाचे नाही हे अमेरिकेने आधीच ठरविले होते, कारण जपानवर राज्य चालविण्यास तिला सम्राट हवा होता. मांचुरियातील हार्बिन शहराजवळ पिंगफान येथे '७३१' या क्रमांकाचे जपानी लष्करी पथक होते. तेथे जिवंत कैद्यांच्या शरीरांत प्लेग आदी रोगांचे जंतू सोडून त्यांचा परिणाम पाहिला जाई, आणि जिवंतपणी त्यांची शरीरे चिरली जात. या पथकाचा प्रमुख शिरो इशी हा डॉक्टर होता. युद्धानंतर तो अमेरिकनांच्या हाती होता. या प्रयोगांची टिपणे आपल्याला मिळावीत, रशियाला मिळू नयेत, एवढ्यासाठी त्याला व त्याच्या साथीदारांना अमेरिकेने अभय दिले. १९४७ च्या आरंभी रशियाने त्यांची चौकशी करण्याची मागणी केली होती. टोकियोच्या आरोपपत्रात त्यांचे नाव शेवटपर्यंत आले नाही. रशियाने आपल्या हाती सापडलेल्या बारा जणांवर डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्स्क येथे खटला चालविला, तेव्हा पाश्चात्त्य देशांनी तो निव्वळ प्रचार म्हणून उडवून लावला. आणि त्यांस तसे म्हणण्यास जागाही होती, कारण स्टालिनच्या राज्यातील खटल्यांची कीर्ती तशीच होती. अशा रीतीने एका बाजूने सत्य दडपले, दुसरीने ते अशा तोंडून वदविले की कोणी विश्वास ठेवू नये. इशी १९५९ साली आजाराने वारला. न्यायासनासमोर तो कधी उभा राहिला नाही. टोकियोच्याच जिल्हा न्यायालयाने २००२ साली चिनी वादींच्या दाव्यात या रोगजंतुयुद्धाची वस्तुस्थिती मान्य केली, पण भरपाई नाकारली.

पालांच्या हाती यांतला पुरावा नव्हता. तेव्हा तो दोष त्यांचा नव्हे. परंतु त्यांच्या सिद्धान्तावर याचा जो प्रकाश पडतो तो टाळता येत नाही. जेत्यांचा न्याय म्हणजे केवळ जितांना अन्याय, असे पालांनी मानले. वास्तविक जेत्यांचा न्याय हा जितांतील बळींनाही अन्याय असतो, कारण जेता आरोपीस शिक्षा देतो तसाच तो आपल्या सोयीने त्यास विकतही घेतो. पिंगफानच्या कैद्यांत चिनी होते, रशियन होते. त्यांचा न्याय त्यांच्याच दोस्तांनी टिपणवह्यांच्या मोबदल्यात विकला.

खुनाचा आरोपी परसत्तेच्या आश्रयास गेला म्हणजे न्यायाचे काय होते, हे महाराष्ट्रास कोणी शिकवावयास नको. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले अशी परंपरा आहे. पुढे दादा इंग्रजांकडे गेले, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहाने साष्टी व वसई देऊ करून त्यांनी इंग्रजांची फौज मिळविली. शास्त्र्यांपाशी शास्त्र होते, हात नव्हते. इंग्रजांपाशी हात होते, पण त्यांस साष्टी हवी होती. राष्ट्राराष्ट्रांमधील न्यायाची मूळ अडचण ही अशी आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाला स्वतःचा शिपाई नाही. त्याला हात उसने घ्यावे लागतात, आणि उसना हात देणारा प्रत्येक वेळी आपली साष्टी कोठे आहे ते आधी पाहून घेतो.

हे सर्व परक्यांविषयी लिहिणे सोपे आहे. परंतु असाच उसना हात मागण्याची आणि नाकारण्याची पाळी आपल्या देशावरही येऊन गेली, आणि तीही पालांच्या जन्मभूमीविषयीच. पाल जानेवारी १९६७ मध्ये निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, १९७१ साली, पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी सैन्याने जे अत्याचार केले त्यांची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. डिसेंबरात ढाका पडले आणि सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी, त्यांत सैनिकांबरोबर नागरिकही होते, भारताच्या ताब्यात आले. त्यांतील १९५ जणांवर वंशसंहार आणि युद्धगुन्हे यांबद्दल खटले चालविण्याचे बांगलादेशाने १९७३ साली जाहीर केले, आणि त्यासाठी त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांविषयीचा स्वतंत्र कायदाही केला. आरोपी ठरले होते, कायदा होता, साक्षीदार लाखांनी होते, आणि आरोपी कोणा दूरच्या बेटावर पळालेले नसून मित्रराष्ट्राच्या छावणीत होते. याहून अनुकूल परिस्थिती युद्धगुन्ह्यांच्या इतिहासात क्वचितच आली असेल.

तरीही एकही खटला चालला नाही. कसे ते पाहा. पाकिस्तानात सुमारे चार लक्ष बंगाली अडकून पडले होते. बांगलादेशाने खटले चालविल्यास आपणही यांतील काहींवर देशद्रोहाचे खटले भरू, अशी धमकी पाकिस्तानने दिली. बांगलादेशाच्या संयुक्त राष्ट्रसंघातील प्रवेशास चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये नकाराधिकाराने अडविले. मे १९७३ मध्ये पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, आणि वंशसंहाराविरुद्धच्या कराराच्याच आधारे त्याने मागणी केली की, या लोकांचा न्याय करण्याचा अधिकार आमचाच असल्याने भारताने त्यांस बांगलादेशाच्या हवाली करू नये. वंशसंहार थांबविण्यासाठी झालेला करार वंशसंहाराचे आरोपी वाचविण्यासाठी पुढे केला गेला, हा प्रकार न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तडजोडीची बोलणी सुरू होताच डिसेंबरात तो दावा काढूनही घेतला गेला. अखेर ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत तीन देशांचा करार झाला. घडले असतील त्या गुन्ह्यांचा पाकिस्तानने निषेध केला आणि खेद दर्शविला. क्षमाबुद्धीने खटले न चालविण्याचे बांगलादेशाने मान्य केले. १९५ जण इतर कैद्यांबरोबर मायदेशी परत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात बांगलादेशास संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला.

कोणी म्हणेल की, याहून दुसरे काय करता आले असते? चार लक्ष जिवंत माणसे घरी आणावयाची की १९५ गुन्हेगारांस शिक्षा करावयाची, अशी निवड पुढे असता शहाण्या राज्यकर्त्याने माणसेच निवडावी. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्यांची मुलेबाळे कराचीत अडकली होती त्यांच्या दाराशी जाऊन न्यायाचे तत्त्वज्ञान सांगण्यास आम्ही तरी धजणार नाही. परंतु तडजोड करणे वेगळे आणि तडजोडीस न्याय म्हणणे वेगळे. शिवाय त्या तडजोडीचे देणे मागाहून फेडावे लागले, ते असे. १९७३ च्याच कायद्याखाली ढाक्यास २०१० साली न्यायाधिकरण स्थापन झाले, तेव्हा मुख्य आरोपी हाती नव्हते; उरले होते स्थानिक साथीदार. चाळीस वर्षांत साक्षीदार मेले, स्मृती पुसट झाल्या, आणि प्रत्येक खटल्यात पक्षीय राजकारणाचा वास येऊ लागला. परदेशी स्थायिक झालेल्या दोघांस २०१३ साली गैरहजेरीत फाशी सुनावली गेली. पण जेथे फाशीची शिक्षा आहे आणि सुनावणीच्या निष्पक्षपणाविषयी शंका आहे, तेथे माणूस धाडण्यास युरोपातील राष्ट्रे तयार नसतात. प्रत्यार्पणाच्या मार्गातील हा धोंडा दुष्टपणाचा नसून तत्त्वाचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. उशिराने केलेला न्याय घाईने करू पाहिला म्हणजे प्रामाणिक मित्रांचे हातही आखडतात.

आता आजच्या हेगकडे येऊ. १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संविधी १२० मतांनी मंजूर झाली. सात राष्ट्रे विरुद्ध गेली, एकवीस तटस्थ राहिली. त्या तटस्थांत भारत होता. भारताचे आक्षेप काय होते? सुरक्षा समितीच्या पाच बड्या राष्ट्रांस या न्यायालयाकडे खटले धाडण्याचा आणि चाललेले खटले रोखण्याचा अधिकार मिळतो, हा एक. आणि गुन्ह्यांच्या यादीत अण्वस्त्रांच्या वापराचे नाव नाही, हा दुसरा. पालांचा ग्रंथ ज्याने वाचला आहे त्यास हा स्वर ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. जेता स्वतःस वगळून कायदा करतो, ही पालांची तक्रार पन्नास वर्षांनी त्यांच्या देशाने रोममध्ये पुन्हा मांडली. आक्षेप सबळ होते, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो.

परंतु सबळ आक्षेप घेऊन घरी बसल्याने काय साधले? सुदानचे अध्यक्ष बशीर यांच्या नावे मार्च २००९ मध्ये फर्मान निघाले. जून २०१५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले; तेथील न्यायालयाने देश सोडू देऊ नये असे सांगितले असता ते सुखरूप निघून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आफ्रिकी राष्ट्रांच्या परिषदेसाठी ते दिल्लीसही येऊन गेले. भारत सभासद नसल्याने त्याच्यावर कायद्याचे बंधन नव्हते, हे खरे. दारफूरच्या विधवांना या खुलाशाने कितपत समाधान वाटले असेल ते सांगवत नाही. रशियाच्या अध्यक्षांच्या नावे मार्च २०२३ मध्ये फर्मान निघाले. सप्टेंबर २०२४ मध्ये सभासद असलेल्या मंगोलियाने त्यांचे स्वागत केले. इस्रायलच्या पंतप्रधानांच्या नावे नोव्हेंबर २०२४ मध्ये फर्मान निघाले. एप्रिल २०२५ मध्ये सभासद असलेल्या हंगेरीने त्यांचे स्वागत केले, आणि त्याच सुमारास न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणाही केली. मंगोलियाला शेजाऱ्याची भीती, हंगेरीला मित्राची भीड. कारणे निराळी, फळ एकच. यांतील कोणते फर्मान योग्य आणि कोणते अयोग्य हा वाद येथे आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला एक फर्मान पवित्र वाटते त्याला दुसरे हास्यास्पद वाटते; आणि असे जोवर आहे तोवर पालांची टीका जिवंत आहे.

मग सारेच व्यर्थ काय? तसे नाही, आणि निराशेचा विलास करणाऱ्यांसाठी एक उदाहरण दिले पाहिजे. युगोस्लाव्हियाच्या युद्धांतील गुन्ह्यांसाठी १९९३ साली स्थापन झालेल्या न्यायासनाने १६१ जणांवर आरोप ठेविले, आणि अखेरीस त्यांतील एकही फरारी राहिला नाही. काराजिच हा तेरा वर्षांनी, २००८ साली, बेलग्रेडमध्ये नाव आणि वेष बदलून राहत असता सापडला. म्लादिच २०११ साली. सर्बियास अचानक न्यायाची गोडी लागली असे नव्हे. तिला युरोपीय संघात शिरावयाचे होते, आणि आरोपी दिल्यावाचून दार उघडणार नाही असे तिला बजावण्यात आले होते. येथेही सौदाच झाला; फरक एवढाच की, या वेळी न्याय हा विकावयाचा माल नसून वसूल करावयाची किंमत होता. सौदा टळत नसेल तर तो न्यायाच्या बाजूने पडेल असा करता येतो, एवढे यावरून सिद्ध होते. पालांच्या ग्रंथात या शक्यतेस जागा नाही. जेथे कायदा सर्वांस सारखा लागू होत नाही तेथे तो कोणासच लागू करू नये, हे त्यांचे अनुमान तर्कशास्त्रात टिकेल; परंतु त्या तर्काने शेवटी सुटतो तो गुन्हेगार, आणि मागे राहतो तो ज्याचे कोणी ऐकून घेतले नाही असा साक्षीदार.

पालांच्या निकालपत्रात आमच्या मते दोन मागण्या आहेत. पहिली, गुन्हा घडण्यापूर्वी कायदा लिहिलेला असावा. दुसरी, तो जेत्यासही लागू असावा. त्यांच्या भक्तांनी या मागण्यांतून नकार तेवढा उचलला आणि कर्तव्य तेवढे टाकून दिले. 'कायदा आधी नव्हता म्हणून शिक्षा नको' असे म्हणणाऱ्याने निदान पुढच्या खेपेसाठी कायदा लिहून ठेवावयास नको काय? आपल्या देशाने वंशसंहाराविरुद्धच्या करारास १९५९ साली मान्यता दिली आणि १९६० साली जिनिव्हा करारांचा कायदा केला. परंतु वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांची व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात नाही, आणि ही उणीव तातडीने भरून काढली पाहिजे, असे दिल्ली हायकोर्टास १९८४ च्या हत्याकांडाविषयीच्या एका खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये लिहावे लागले. त्यानंतर जुना दंडसंग्रह जाऊन नवी न्यायसंहिता आली, ती १ जुलै २०२४ पासून अमलातही आली; ही व्याख्या तीतही नाही. हेगच्या न्यायालयात जाणे न जाणे हा राजकारणाचा प्रश्न असेल. स्वतःच्या घरचा कायदा लिहिण्यास सुरक्षा समितीची परवानगी लागत नाही. असा कायदा असला म्हणजे परक्या देशातील आरोपी आपल्या दारी आला असता 'आम्ही सभासद नाही' एवढ्यावर थांबता येणार नाही. आणि आपला माणूस परदेशी सापडला असता 'याचा न्याय आम्हीच करू' असे म्हणण्यास तोंड राहील.

न्यायमूर्ती पाल यांचा ग्रंथ म्हणून कपाटातून काढावा. तो सहाव्या भागासह वाचावा. त्यातील जेत्यांविषयीचे शब्द वाचताना आपण १९४८ चे जित राष्ट्र नसून १९७१ चे जेते राष्ट्रही होतो, याची आठवण ठेवावी; आणि जे प्रश्न त्यांनी अकरा राष्ट्रांच्या न्यायासनास विचारले तेच आपल्या राज्यास विचारावे. असा वाचक त्या ग्रंथास मिळेल, तर एकाकी उभ्या राहिलेल्या त्या न्यायाधीशाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.